साहेब चहाला गेले आहेत

४ फेब्रुवारी

ताई,

पोचलो. कागदावर लिहितोय, कारण फोन आल्या आल्या काढून घेतले. पत्रं उघडून वाचतात, पण वाचणारा हवालदार माझ्याच तंबूत झोपतो आणि त्याची हरकत फक्त आकड्यांना आहे, टोमण्यांना नाही. तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

तर अतिरेक्यांविरुद्धच्या या मोहिमेत आपल्या देशाचं योगदान. धावपट्टीच्या एका टोकाला मोठ्या देशांची विमानं रांगेने उभी असतात. आपलं विमान एकच आणि ते फोटो काढतं. बॉम्ब टाकत नाही, सैनिक नेत नाही, फोटो काढतं. वयाने ते तुझ्याहून थोडंच लहान असेल आणि सकाळी सुरू होताना तुझ्याइतकीच कुरकुर करतं. पण झेंडा बघशील तर आपला सगळ्यांत मोठा! वारा सुटला की शेजारच्या देशाचा झेंडा त्यात गुंडाळला जातो आणि त्यांचा एक कॅप्टन रोज येऊन निमूटपणे तो सोडवतो. त्यामुळे त्याची-माझी ओळख झाली.

माझं काम तुला माहीत आहेच. विमानाने आणलेले फोटो बघायचे आणि त्यांत काय दिसतं ते ओळखायचं. रोज सकाळी सगळ्या देशांची बैठक असते. लांबलचक टेबल, दर देशाला एक खुर्ची. आपल्या खुर्चीत कर्नलसाहेब बसतात, मी मागे फोटो भिंतीवर दाखवायला. आधी फोटो बघतात, बहुतेक आपलेच. मग मोठे जनरल म्हणतात, 'आता लक्ष्यं ठरवू.' एवढं कानावर पडलं की आपले साहेब उठतात, टोपी घालतात आणि बाहेर चहाला जातात. मागोमाग मी. संसदेचा ठराव ना! आपण फक्त पाहायचं, लक्ष्य ठरवायच्या वेळी खोलीत थांबायचं नाही. ठरवून झालं की कोणीतरी दार उघडून 'झालं' म्हणतं, की आम्ही परत आत. अख्ख्या तळावर आता कोणी कामातून अंग काढलं की परके शिपाईसुद्धा म्हणतात, 'तो चहाला गेला.'

हसू येतं. पण एक गोष्ट खटकतेय. कालव्याकाठी एक लांब इमारत आहे. यादीत तिला दारूगोळ्याचं कोठार म्हटलंय. पूर्वी असेलही. माझ्या फोटोंत मात्र तिच्या गच्चीवर दोऱ्या आहेत आणि दोऱ्यांवर कपडे. रोज वेगळे. त्यांत बारकी बारकी दुपटी. दारूगोळ्याला दुपटी लागत नाहीत, ताई.

यादीत ती बरीच खाली आहे आणि सध्या हवेत धूळ भरलेली असल्यामुळे बॉम्बफेक जवळजवळ बंद आहे, म्हणून घाई नाही. पण तिथे माणसं राहतात हे सांगायचं कोणी? विचारतात त्या वेळी आम्ही चहा पीत असतो.

आईला सांग, जेवण चांगलं मिळतं. खोटं आहे, पण सांग.

तुझा भिंग्या


१५ फेब्रुवारी

भिंग्या,

पत्र मिळालं, मावशीला वाचून दाखवलं, टोमणे गाळून. म्हणजे फारच थोडं वाचून दाखवलं.

तुझ्या आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय की माझा मुलगा अतिरेक्यांवर बॉम्ब टाकतो. मी म्हटलं, 'अगं मावशी, तो फोटो बघतो.' तर म्हणाली, 'फोटो बघायला कोणी एवढ्या लांब पाठवतं होय? तुला त्या मंत्र्यांच्या ऑफिसातून खरं सांगायची बंदी असेल. कळतं मला.' आणि डोळा मारला! लहानपणी भिंग घेऊन तू मुंग्यांच्या मागे अंगणभर रांगायचास, म्हणून तुझं नाव भिंग्या पडलं, आणि आता त्याच कामासाठी सरकार तुला पगार देतं, हे तिला पटवणं माझ्याच्याने होत नाही.

इथे चौकाचौकांत फलक लागलेत. 'देशाचे डोळे जागे आहेत.' खाली मंत्रीसाहेबांचा फोटो, काळा चष्मा लावलेला. चष्म्याचं मी ऑफिसात हळूच सुचवून पाहिलं. कोणाच्या लक्षातच आलं नाही.

आता तुझ्या टवाळीबद्दल. ज्या ठरावावर तू एवढं तोंडसुख घेतोस ना, त्यातलं ते वाक्य मी लिहिलंय. 'देशाचा सहभाग पाहण्यापुरता राहील. लक्ष्य ठरवले जात असताना देशाचा प्रतिनिधी तेथे उपस्थित राहणार नाही.' मोहीम हवी म्हणणारे आणि मोहीम नको म्हणणारे, दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटावं, असं वाक्य करायचं होतं. किती घासाघीस झाली त्याच्यावर! आणि त्या वाक्यामुळे आपल्या एकाही माणसाच्या हाताला रक्त लागणार नाही, निदान तुझ्या तरी. मला ते चांगलं वाक्य वाटतं. डायरीत मी 'बरं' असा शब्द लिहिला होता, तुला मात्र 'चांगलं' लिहितेय, म्हणजे नाकाला मिरच्या झोंबल्यात हे उघड आहे.

कपड्यांचं साहेबांना सांग. माणूसच आहे तो, ऐकेल. आणि तू चहा कमी पी, पित्त होतं तुला.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं. साहेब तंबूबाहेर दाढी करत होते.

'साहेब, कालव्याकाठच्या इमारतीत माणसं राहतात.'

'कशावरून?'

'गच्चीवर कपडे वाळत असतात.'

'अतिरेकी कपडे धूत नाहीत असं कुठे लिहिलंय?'

'दुपटी आहेत, साहेब.'

त्यांचा वस्तरा थांबला. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आरशात बघत राहिले. मग म्हणाले, 'खरं आहे तुझं. पण मी सांगू केव्हा? आधी सांगायला जावं तर जनरल म्हणतात, ही चर्चा नंतर. नंतर सांगावं तर म्हणतात, चर्चा झाली. आणि चर्चा चालू असते तेव्हा मी नसतो.'

'एक दिवस चहाला जाऊ नका, साहेब.'

'आणि ठराव मोडला म्हणून मला उभा जाळतील तेव्हा तू येशील विझवायला?'

हे ठीक. हे मला ठाऊकच होतं. पण झेंडा सोडवणाऱ्या कॅप्टनने काल जे सांगितलं ते ऐक. आम्ही बाहेर पडलो की जनरल एकेक फोटो पुन्हा लावतात आणि विचारतात, 'फोटो काढणाऱ्यांची काही हरकत?' सगळे आपल्या खुर्चीकडे बघतात. खुर्ची काय बोलणार? जनरल थोडं थांबतात आणि म्हणतात, 'हरकत नाही.' पुढचा फोटो.

कळलं? तुझ्या वाक्याने आपण लांब राहिलेलो नाही. आपण रोज सकाळी हो म्हणतोय. बाहेर उभं राहून, बिस्किट बुडवत.

इमारतीत कोण असेल याचा मी विचार केला. कालव्यापलीकडची वस्ती गेल्या महिन्यात जमीनदोस्त झाली. तिथली माणसं कुठेतरी गेली असणारच. या इमारतीला जाड भिंती आहेत आणि पाणी जवळ. मी त्यांच्यातला असतो तर तिथेच गेलो असतो.

ठराव बदला असं माझं म्हणणं नाही. मला एवढंच हवंय की तो फोटो निघेल त्या सकाळी साहेबांनी खुर्चीत बसून राहावं आणि म्हणावं, 'तिथे माणसं राहतात.' बस. ही परवानगी तू मिळव. तू त्यांच्यात बसतेस. धूळ खाली बसत चालली आहे आणि यादीतली वरची नावं संपत आलीत.

भिंग्या


५ मार्च

भिंग्या,

रिकाम्या खुर्चीचं वाचून मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, मग पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. शेवटी सचिवांकडे गेले. बैठक लावायला त्यांनी खळखळ केली नाही. बैठक लावणं त्यांना आवडतं.

सचिव, कायदा सल्लागार, मंत्र्यांचे खासगी सहायक आणि मी. प्रश्न एकच, कर्नलने खोलीत थांबायचं की नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर तुला वाटेल मी मीठमसाला लावते.

कायदा सल्लागार म्हणाले, 'खुर्चीत बसला तर तो उपस्थित. प्रश्नच नाही.'

'उभा राहिला तर?' सचिव.

'खोलीत उभा राहिला तरी खोलीतच.'

'दारात?'

'दारात म्हणजे एक पाय आत, एक बाहेर?'

'कुठला पाय आत?' सचिवांनी विचारलं. भिंग्या, ते थट्टा करत नव्हते.

सहायक म्हणाले, 'उद्या विरोधक ओरडतील की आमच्या माणसाच्या सांगण्यावरून लक्ष्य ठरलं.'

मी म्हटलं, 'त्याच्या सांगण्यावरून लक्ष्य रद्द होईल.'

'बाई, रद्द करणं हेसुद्धा ठरवणंच झालं.' हे कायदा सल्लागार. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की 'कपडे दिसतात' हे निरीक्षण आहे, ते चालेल. 'ओले कपडे' म्हटलं की जरा पुढे गेलो. आणि 'माणसं राहतात' हा तर थेट निष्कर्ष. निष्कर्ष काढायला आपण गेलेलोच नाही.

शेवटी ठरलं ते असं. कर्नलने उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, दार उघडं ठेवायचं, आणि नाव घेऊन विचारलं तरच म्हणायचं, 'फोटो पुन्हा पाहावा.'

तू आता कपाळावर हात मारला असशील. मी मारला नाही, हे मला जास्त लागलंय. उलट मसुदा मीच नीटनेटका केला. 'उंबऱ्याबाहेर' जरा खेडवळ वाटतं म्हणून 'दारालगत' सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला बरं वाटलं. त्या दुपट्यांचा मला तेवढा वेळ विसर पडला होता. घरी आल्यावर तुझ्या भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, 'काहीच न मिळण्यापेक्षा दारालगत बरं.' असेलही. बरं आणि पुरेसं यांत फरक आहे, एवढं मलाही कळतं.

आता मंत्र्यांची सही हवी. ते मित्रदेशांच्या परिषदेला गेलेत. तिथे सगळ्या मंत्र्यांचा एकत्र फोटो आहे आणि कोण कोणत्या रांगेत उभं राहणार ते योगदानावरून ठरतं. आपले साहेब तिसऱ्या रांगेत आहेत, एका उंच माणसाच्या मागे. त्यांना दुसऱ्या रांगेत आणायला आपले दोन अधिकारी दिवसभर पळतायत, म्हणून बाकीच्या सह्या थांबल्यात. आले की पहिल्यांदा ही सही घेईन.

तोपर्यंत वेडंवाकडं काही करू नकोस.

ताई


१२ मार्च

ताई,

सही आली नाही. धूळ मात्र बसली.

आज सकाळी भिंतीवर आपली इमारत होती. सकाळचाच फोटो. खालच्या दोरीवर सहा— नाही, आकडे नकोत. भरपूर होती.

जनरल म्हणाले, 'आता लक्ष्यं ठरवू.' साहेब उठले, टोपी घातली. मीही उठलो. दारापर्यंत त्यांच्या मागे गेलो. ते बाहेर पडले आणि मी दार आतून लावून घेतलं. खरं सांगतो, ठरवून काही केलं नाही. हात पुढे गेला.

मग आपल्या खुर्चीत जाऊन बसलो. साहेबांच्या उबेने ती अजून कोमट होती. कॅप्टनने टेबलाखाली माझ्या बुटाला बूट लावला.

'फोटो काढणाऱ्यांची काही हरकत?' जनरलनी विचारलं, आणि सवयीने पुढच्या फोटोकडे वळायला लागले.

'आहे,' मी म्हटलं. 'तिथे माणसं राहतात. लहान मुलं आहेत.'

त्यांनी चष्मा काढला. 'ही हरकत तुमच्या देशाची आहे का?'

ताई, खरं उत्तर दिलं असतं तर माझ्या शब्दाची किंमत शून्य. एक फोटो बघणारा काहीतरी बरळला, एवढंच. म्हणून मी खोटं बोललो. म्हटलं, 'हो, देशाची.'

'हरकत आहे,' जनरल म्हणाले आणि इमारत बाजूला काढली. इतकं सोपं होतं ते. बाहेरून साहेब दार ठोकत होते.

दार उघडताना मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. पण साहेब कप हातात धरून नुसते उभे होते, चहा बशीत सांडलेला. म्हणाले, 'अरे, काय करून बसलास हे!' मग आपल्या तंबूकडे निघाले, अर्ध्या वाटेवरून परत आले आणि विचारलं, 'खूप होती का रे?'

'कोण, साहेब?'

'दुपटी.'

सध्या मला कामावरून काढून तंबूत बसवलंय. पत्र वाचणाऱ्या हवालदाराने आज वाचायचं नाटकसुद्धा केलं नाही. माझं काय करायचं ते करा, नोकरी घ्या. पण तो शब्द मागे घेऊ देऊ नकोस. देशाने तो मागे घेतला की त्याच दिवशी इमारत परत यादीत जाईल.

भिंग्या


२१ मार्च

भिंग्या,

तुझं पत्र यायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. जनरलनी आभाराचा संदेश पाठवला. 'आपल्या प्रतिनिधीच्या हरकतीची नोंद घेतली आहे.' ऑफिसात जणू साप निघाला. सचिव पाणी प्यायले. कायदा सल्लागार म्हणाले, ताबडतोब कळवा की बोलणाऱ्याला अधिकार नव्हता, देशाची अशी कोणतीही हरकत नाही. आणि मसुदा कोण करणार? मीच.

मी तो केला. नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. छोटासा, सुबक, कुठेही बोट ठेवायला जागा नाही असा. तो टाइप होऊन समोर आला तेव्हा मी त्यातला एक स्वल्पविराम काढला. मग लक्षात आलं की मी एक इमारत पाडायचं वाक्य घोटतेय.

मंत्री परिषदेहून परतले होते. सहीला कागद घेऊन मी स्वतः गेले, सहायकांना डावलून. ते तो एकत्र फोटो टेबलावर पसरून स्वतःला शोधत होते.

मी म्हटलं, 'साहेब, यावर सही केली आणि उद्या त्या इमारतीत मुलं सापडली, तर जग म्हणेल, यांना माहीत होतं आणि यांनी शब्द फिरवला.'

ते वर बघेनात. 'आणि नाही केली तर?'

'तर मुलं तुम्ही वाचवली.'

आता मात्र बघितलं. 'आपण वाचवली?'

'हो, साहेब.'

'मग नाकारताय कशाला? अक्कल गहाण टाकलीत का सगळ्यांनी?'

सहायक मागून पोचले होते, धापा टाकत. 'मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो, साहेब.'

'पण बोललं कोण?'

'फोटो बघणारा एक मुलगा—' मी सुरुवात केली.

'छे, छे. देशाच्या वतीने बोलायला जरा वजनदार माणूस पाहिजे. तिथे आपला कोणी कर्नल आहे ना?'

तेव्हा झालं ते असं: मंत्र्यांच्या सूचनेवरून कर्नलने बैठकीत हरकत घेतली. जाहीर झालंय, बातम्यांत आलंय. हरकत कायम आहे, इमारत यादीबाहेर आहे. आणि भिंग्या, तू त्या खोलीत नव्हतास. जो नव्हताच त्याला शिक्षा होत नाही, म्हणून तुझी नोकरीही शाबूत.

मी तुझ्यासाठी हे मिळवलं की तुझ्याकडून ते हिसकावलं, हे मला दोन दिवस ठरवता आलेलं नाही. मान्य कर, एवढं सांगते.

ताई


२ एप्रिल

ताई,

मान्य. मी नव्हतो.

बातमी आली त्याच दिवशी साहेब तंबूत आले, खाटेच्या कडेवर बसले, टोपी गुडघ्यावर. म्हणाले, 'टीव्हीवाले येतायत. मी काय म्हणालो ते जरा सांग.'

'तिथे माणसं राहतात, असं म्हणालात.'

'बसून की उभ्याने?'

'बसून, साहेब.'

'आवाज चढवला होता का मी?'

'नाही. पण किंचित कापत होता.'

'ते नको,' साहेब म्हणाले.

हसू नकोस, पुढे ऐक. एवढा गाजावाजा झाल्यावर त्यांना आता चहाला जाता येईना. सगळे वाट बघतात, हा बोलणारा कर्नल आज काय बोलतो. म्हणून रोज पहाटे माझ्याकडे यायला लागले. 'दाखव.' मी दाखवतो, तेही बघतात. आता त्यांना माझ्या आधी दिसतं. एका पिठाच्या गिरणीत त्यांनी चूल धुमसताना हेरली. एका शाळेच्या आवारात सायकली. बैठकीत हरकत. दुसऱ्या दिवशी हरकत. तिसऱ्या दिवशी जनरलनी त्यांना स्वतः चहाला बोलावलं आणि विचारलं, 'तुम्हाला बाहेर जायचं नाही का?'

परवा मित्रदेशांचा निरोप आला. तू वाचला असशीलच. आपलं योगदान मोलाचं होतं, आपल्या विमानाचं वय पाहता त्याला विश्रांती मिळायला हवी, आम्ही ऋणी आहोत. म्हणजे, ताई, फोटो पुरवून गप्प बसत होतो तोवर आपण मित्र. फोटोत काय आहे ते सांगायला लागलो तशी त्यांना आपल्या विमानाची दया आली. नवीन विमान कोणाचं येतंय माहीत नाही. आपल्यासारखेच कोणीतरी असतील, पाहण्यापुरते.

महिनाअखेरीला निघू. आईला सांग. पण गोष्ट तिथे संपत नाही. कॅप्टनने कानात सांगितलं ते असं: जो देश मोहिमेतून बाहेर पडतो त्याची खुर्ची उचलतात आणि खुर्चीबरोबर त्याच्या हरकतीही. उरलेल्यांना त्या बांधील नाहीत. इमारत, गिरणी, शाळा, सगळं परत यादीत.

परतीचं जाहीर निवेदन तूच लिहिणार. तुला काय करायचं ते मी सांगायला नको.

भिंग्या


९ एप्रिल

भिंग्या,

लिहिलं. सचिवांनी मला 'सहभाग समाप्त' असा मथळा देऊन पाठवलं होतं. मी तो खोडला. माझं वाक्य असं आहे: 'विमान व पथक मायदेशी परतत असून देशाचा सहभाग पूर्ववत सुरू राहील.'

सचिव म्हणाले, 'विमान नाही, माणूस नाही. सहभाग कशाचा?'

मी म्हटलं, 'खुर्चीचा.'

वाटलं होतं, मला वेड्यात काढतील. पण मंत्र्यांनी लगेच उचलून धरलं. बाहेर पडलेल्या देशाचा मंत्री त्या फोटोत उभाच राहू शकत नाही, हे त्यांना माझ्या आधी सुचलं होतं. पुढच्या परिषदेत त्यांना दुसरी रांग मिळतेय. आणि कायदा सल्लागार! तो माणूस इतका खूश मी कधी पाहिला नाही. म्हणाले, 'बाई, जिथे आपलं कोणीच नाही तिथे आपल्याकडून चूक होणारच नाही. हा आपला सर्वांत निर्दोष सहभाग.' आता त्यांच्यावर हसावं तर माझं वाक्यही त्यांना तितकंच आवडलंय.

मित्रदेशांचं लेखी उत्तर काल आलं. आपण सहभागी आहोत तोवर आपल्या तिन्ही हरकती कायम राहतील. कशाला नाही म्हणतील? रिकाम्या खुर्चीचा त्यांना त्रास नाही, आणखी हरकती ती घेणार नाही.

जिंकलो का आपण? डायरीत मी 'हो' लिहिलं आणि मग त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. पहिल्यांदा ती खुर्ची आपल्या वतीने हो म्हणत होती, आता नाही म्हणणार. दोन्ही वेळा ती रिकामीच, आणि दोन्ही वेळा वाक्य माझं. चौथ्या इमारतीत कोण राहतं, हे मात्र आता कोणी बघणार नाही. कालव्याकाठची तरी राहिली का, हेही तुला-मला कळायला मार्ग नाही, कारण फोटोच येणार नाहीत. आपल्याला एवढंच माहीत असेल की ती खुर्ची जागेवर आहे.

मावशी गल्लीला सांगते आहे की युद्ध जिंकूनच पोरगा परत येतोय. मी या वेळी दुरुस्ती केली नाही. आल्यावर तू बघ काय ते.

निघण्याआधी एक काम कर. तुमच्याकडे खिळे, हातोडी असेलच. बैठकीच्या खोलीत जा आणि ती खुर्ची जमिनीला ठोकून ये.

ताई